इंदुरात छोटा व्हेंडिंग मशीनचा धंदा आणि मालकाचे वय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षे मी इंदुरात चार व्हेंडिंग मशीन चालवतो. या काळात येथल्या मराठी कुटुंबांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. विचारणाऱ्यांत दहावीतल्या मुलाची आई आहे, वसतिगृहात राहणारे विद्यार्थी आहेत, पन्नाशीत नोकरी सुटलेले गृहस्थ आहेत आणि पेन्शन सुरू झालेले आजोबाही आहेत. प्रत्येकाचा मूळ प्रश्न एकच असतो : "या वयात मला हे जमेल का?" माझा अनुभव असा की, कागदपत्रे कोणाच्या नावावर असावीत, पैसा किती गुंतवावा आणि कोणते मशीन घ्यावे, एवढ्या गोष्टी वयाने ठरतात; धंदा चालणे न चालणे मात्र जागेवर आणि नियमित फेरीवर अवलंबून असते.

१. व्हेंडिंग मशीनच्या धंद्यात रोज नेमके काय करावे लागते? मशीन आपोआप चालते असे म्हणतात, ते खरे आहे का?

विक्री आपोआप होते, बाकीचे काम माणसालाच करावे लागते. पाकिटांच्या मशीनमध्ये प्रत्येक खणात एक स्प्रिंग असते. ग्राहकाने क्रमांक दाबून पैसे भरले की स्प्रिंग एक वेढा फिरते आणि पुढचे पाकीट खाली पडते. मालकाला माल आणणे, तो भरणे, मुदत तपासणे, काच पुसणे, अडकलेले पाकीट सोडवणे आणि हिशेब ठेवणे ही कामे असतात. अशा मशीनला आठवड्यातून दोन ते तीन फेऱ्या पुरतात.

चहा-कॉफीच्या प्रीमिक्स (दूध-साखर मिसळलेली तयार पूड) मशीनचे तसे नाही. त्यातील पूड मिसळण्याचा कप्पा आणि नळी रोज धुवावी लागते, कारण दुधाची पूड ओलसर जागी एका दिवसात आंबते. म्हणून वयाचा विचार करताना माझा पहिला प्रश्न असतो, "तुम्ही रोज जाऊ शकाल की आठवड्यातून दोनदा?" शिकणाऱ्या मुलासाठी पाकिटांचे मशीन सोयीचे, घराजवळच्या कार्यालयात रोज सकाळी फिरत जाऊ शकणाऱ्या निवृत्त माणसाला चहाचे मशीन अधिक साधते.

२. भांडवल किती लागते आणि महिन्याला सुटते किती?

साध्या चहा-कॉफी मशीनला साधारण दहा ते वीस हजार रुपये, तर थंड करण्याची सोय आणि यूपीआय असलेल्या पाकिटांच्या मशीनला दीड ते तीन लाख रुपये धरावेत. पहिला माल आणि दुरुस्तीसाठीची राखीव रक्कम यांचा खर्च वेगळा.

मिळकतीबद्दल मी नेहमी कागदावर आकडे मांडून दाखवतो. समजा, दोन लाखांचे मशीन आहे, दिवसाला सरासरी २० रुपयांच्या ४० वस्तू खपतात आणि महिन्यात २६ दिवस विक्री होते. एकूण विक्री २०,८०० रुपये झाली. नामांकित कंपन्यांच्या बिस्किटांवर आणि शीतपेयांवर छापील किमतीच्या १५ टक्के सुटले, तर हाती ३,१२० रुपये येतात. थंड मशीन दिवसाला ६ युनिट वीज घेते असे धरले, तर महिन्याचे १८० युनिट होतात आणि ८ रुपये दराने त्यांचे १,४४० रुपये होतात. जागेचे १,००० आणि सिमकार्ड व पेमेंट सेवेचे ३०० वजा केले की ३८० रुपये उरतात. या गतीने दोन लाख परत यायला ४० वर्षांहून अधिक काळ लागेल.

आता त्याच मशीनमध्ये निम्म्याहून अधिक खण स्थानिक शेव, नमकीन आणि भाजलेले चणे यांच्या छोट्या पाकिटांना दिले, सरासरी नफा ३० टक्क्यांवर नेला आणि जागा अशी निवडली की दिवसाला ६० वस्तू खपतील. विक्री ३१,२०० रुपये, त्यावर ९,३६० रुपये, आणि तोच २,७४० रुपयांचा खर्च वजा जाता ६,६२० रुपये उरतात. भांडवल अडीच वर्षांत निघते. या हिशेबात पेट्रोल, मुदत संपून वाया गेलेला माल आणि तुमचे श्रम धरलेले नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

चहाच्या मशीनचे गणित वेगळे आहे. प्रीमिक्स आणि कागदी पेला मिळून कपामागे ५ रुपये खर्च आला आणि कप १० रुपयांना विकला, तर रोज १०० कपांवर महिन्याचे १३,००० रुपये सुटतात. नफा अधिक दिसतो, कारण त्यात रोजच्या धुलाईची मजुरी तुमच्या अंगावर असते.

परदेशातील चित्रफिती पाहून अनेक जण मोठ्या अपेक्षेने येतात. तेथे मशीनमधील वस्तूची किंमत मालक ठरवतो. आपल्याकडे पाकिटावर कमाल किंमत छापलेली असते आणि हाच सर्वांत मोठा फरक आहे (प्रश्न १३ पाहा).

३. इंदुरात मशीन कोठे चालते? छप्पन दुकान किंवा सराफा या खाऊगल्ल्यांत जागा मिळाली तर घ्यावी का?

माझ्या मते घेऊ नये. ज्या शहरात सकाळी कोपऱ्याकोपऱ्यावर गरम पोहे-जलेबी मिळतात आणि सराफ्यात रात्री उशिरापर्यंत ताजे खाणे तयार होत असते, तेथे काचेआडचे पाकीट कोण घेणार? गर्दी पाहून जागा निवडणे ही नवख्यांची सर्वांत महागडी चूक आहे. मशीन तेथेच चालते, जेथे माणूस आहे, भूक आहे, पण बाहेर पडण्याची सोय नाही.

अशा जागा इंदुरात भरपूर आहेत. रुग्णालयांत रात्री थांबलेले नातेवाईक असतात. महाराजा यशवंतराव रुग्णालयाचा परिसर असो की गीता भवनाजवळची खासगी रुग्णालये, रात्री ११ नंतर पाण्याची बाटली आणि बिस्किटाचा पुडा यांची गरज तेथे खरी असते. सांवेर रोडच्या औद्योगिक भागात आणि पीथमपुरात रात्रपाळीचे कामगार असतात. भंवरकुआंच्या आसपास स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्या, अभ्यासिका आणि वसतिगृहे आहेत. सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिस यांची संकुले आहेत, पण तेवढ्या मोठ्या ठिकाणी खानपानाचे कंत्राट बहुधा एकाच मोठ्या ठेकेदाराकडे असते. एक-दोन मशीनवाल्याने ४० ते ८० माणसांची छोटी कार्यालये आणि कारखाने शोधावेत.

जागा पक्की करण्यापूर्वी तेथे तीन वेगवेगळ्या वेळी एकेक तास बसून माणसे मोजावीत. मी दुसरे मशीन लावले तेव्हा फक्त दुपारी पाहणी केली होती. संध्याकाळी सहानंतर त्या इमारतीला कुलूप लागते हे मशीन बसल्यावर कळले.

४. जागामालकाशी करार लेखीच हवा का? आमची जुनी ओळख आहे.

ओळख असेल तरीही करार लेखीच हवा. माझे पहिले मशीन एका खासगी रुग्णालयात केवळ तोंडी आश्वासनावर ठेवले होते. व्यवस्थापक बदलले आणि दोन दिवसांत ते हलवायला सांगण्यात आले. भरलेला माल, गाडीचे भाडे आणि नवी जागा शोधण्यात गेलेला महिना, हे सारे माझ्या माथी पडले.

करारात मासिक रक्कम किंवा विक्रीतील वाटा, विजेचा खर्च कोणाचा, चावी कोणाकडे, तोडफोड झाल्यास जबाबदारी कोणाची आणि मशीन हलवण्यासाठी किती दिवसांची सूचना द्यायची, एवढे तरी असावे. नोंदणी कायदा, १९०८ प्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असल्यामुळे बहुतेक लोक ११ महिन्यांचा करार करतात. मात्र मशीनची किंमत वसूल व्हायला अडीच-तीन वर्षे लागणार असतील, तर नूतनीकरणाचे कलम स्पष्ट लिहून घ्यावे. फूटपाथवर किंवा सार्वजनिक चौकात मशीन ठेवायचे असेल, तर शेजारच्या दुकानदाराची संमती कामाची नाही, महानगरपालिकेची परवानगी लागते.

५. माझा मुलगा १६ वर्षांचा आहे. धंदा त्याच्या नावावर सुरू करता येईल का?

त्याच्या नावावर नाही, पण त्याच्यासोबत करता येईल. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ११ प्रमाणे सज्ञान व्यक्तीच करार करू शकते, आणि सज्ञानतेचे वय १८ आहे. अज्ञानाने, म्हणजे १८ वर्षांखालील व्यक्तीने, केलेला करार मुळातच रद्दबातल ठरतो, हे प्रिव्ही कौन्सिल या त्या काळच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने १९०३ मध्ये मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात स्पष्ट केले. म्हणून जागेचा करार, मशीनची खरेदी, कर्ज, अन्न परवाना आणि यूपीआयचे व्यापारी खाते ही सारी आई किंवा वडिलांच्या नावावर असावीत.

दोन अपवाद उपयोगी आहेत. भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम ३० प्रमाणे, सर्व भागीदारांची संमती असल्यास अज्ञान व्यक्तीला चालू भागीदारीच्या लाभात सामील करता येते; तिचा वाटा नुकसानीला बांधील राहतो, पण तिच्यावर वैयक्तिक जबाबदारी येत नाही. ती १८ वर्षांची झाल्यावर सहा महिन्यांच्या आत भागीदार राहायचे की नाही हे तिने जाहीर सूचनेने कळवायचे असते. न कळवल्यास ती पूर्ण भागीदार मानली जाते. दुसरे म्हणजे, रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार १० वर्षांवरील मुलांना बचत खाते स्वतः चालवू देण्याची मुभा बँकांना आहे. त्याच्या वाट्याचे पैसे तुम्ही त्या खात्यात टाकू शकता. धंद्याची उलाढाल मात्र तेथून करू नये.

६. शाळकरी मुलाने मशीन भरले तर ती बालमजुरी ठरते का?

१९८६ च्या बालमजुरी प्रतिबंधक कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलांना कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. मात्र शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत, स्वतःच्या कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या धंद्यात मदत करण्याची मुभा आहे. १४ ते १८ या वयात धोकादायक कामांना बंदी आहे. शेजाऱ्याच्या लहान मुलाला "खाऊला पैसे देतो" म्हणून मशीन भरायला पाठवणे या मुभेत बसत नाही.

कायद्यापलीकडची एक काळजी मी आग्रहाने सांगतो. पाकिटांचे मशीन दोन-तीनशे किलोंचे असू शकते; अडकलेले पाकीट पाडण्यासाठी ते हलवू नये आणि मुलांना मागचे झाकण उघडू देऊ नये. अर्थिंग नसलेल्या जोडणीवर मशीन लावूच नये. मुलाने माल निवडावा, मुदतीच्या तारखा तपासाव्यात, वही लिहावी. दोन महिन्यांत त्याला नफा आणि उलाढाल यांतला फरक असा कळतो की तो नंतर विसरत नाही.

७. मुलाच्या कमाईवर प्राप्तिकर कोणी भरायचा?

भांडवल आणि कागदपत्रे पालकांची असतील, तर उत्पन्नही पालकांचेच आणि वेगळा प्रश्न उरत नाही. आजोबांनी नातवाला दिलेल्या पैशातून मशीन घेतले असेल, तर अज्ञान मुलाचे उत्पन्न ज्या पालकाचे उत्पन्न अधिक त्याच्या उत्पन्नात मिळवले जाते. मुलाने स्वतःच्या अंगमेहनतीने किंवा कौशल्याने मिळवलेले उत्पन्न या नियमातून वगळलेले आहे, पण मशीनची कमाई मुख्यतः भांडवलावरची असल्याने ही सवलत मागताना सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा. कायद्यात नमूद केलेले अपंगत्व असलेल्या मुलाचे उत्पन्न पालकांच्या उत्पन्नात मिळवले जात नाही. हा अपवाद अनेक पालकांना ठाऊक नसतो.

८. मी २० वर्षांचा आहे आणि वसतिगृहात राहतो. मित्रांसोबत मशीन घ्यावे का?

घ्यावे, पण आधी तीन गोष्टी लिहून काढाव्यात. कोणी किती पैसे घातले, परीक्षेच्या महिन्यात माल कोण भरणार, आणि पदवीनंतर जो पुण्याला किंवा बंगळुरूला जाईल त्याचा हिस्सा कोण, कोणत्या दराने घेणार. विद्यार्थ्यांच्या भागीदाऱ्या मी भांडणाने मोडताना फारशा पाहिल्या नाहीत. त्या शहर सुटल्यामुळे मोडतात, आणि मागे राहिलेल्या एकाच्या गळ्यात मशीन पडते.

या वयात नवे मशीन विकत घेण्यापेक्षा भाड्याने किंवा चांगल्या स्थितीतील जुने घेणे शहाणपणाचे. जुने मशीन पाहताना कॉम्प्रेसर किमान दोन तास चालवून तापमान उतरते का ते पाहावे, प्रत्येक स्प्रिंग फिरवून पाहावी आणि पेमेंटचा भाग सध्याच्या यूपीआय सेवेशी जुळतो का ते विचारावे. फक्त नाणी घेणारे मशीन फुकट मिळाले तरी घेऊ नये.

स्वतःच्याच महाविद्यालयात जागा हवी असेल, तर प्राचार्यांचा तोंडी होकार पुरेसा नाही. शासकीय संस्थांत अशी जागा बहुधा निविदेने दिली जाते. महाविद्यालयाबाहेरच्या खासगी अभ्यासिकेपासून सुरुवात करणे सोपे पडते.

९. मी नोकरी करतो. नोकरी सांभाळून हा धंदा करता येईल का? सरकारी नोकरांचे काय?

खासगी नोकरीत असाल तर नेमणूकपत्रातील दुसऱ्या व्यवसायाबद्दलचे कलम वाचावे आणि गरज असल्यास लेखी परवानगी घ्यावी. आपल्याच कार्यालयात मशीन लावणे टाळावे. पाकीट अडकले की सहकारी कामाच्या वेळी तुमच्याकडेच येतात.

सरकारी नोकराला पूर्वमंजुरीशिवाय व्यापार करता येत नाही. राज्य कर्मचाऱ्यांना मध्य प्रदेश सिव्हिल सेवा (आचरण) नियम, १९६५ आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांना १९६४ चे आचरण नियम लागू होतात. पत्नी किंवा पती स्वतःच्या नावावर धंदा करू शकतात, पण केंद्राच्या नियमांत कुटुंबातील व्यक्तीचा व्यापार शासनाला कळवणे बंधनकारक आहे. राज्य कर्मचाऱ्यांनीही तसे पत्र कार्यालयात देऊन पोच घ्यावी. मशीन पत्नीच्या नावावर आणि रोजचा व्यवहार प्रत्यक्षात नोकरदार पतीच्या फोनवर, अशी व्यवस्था चौकशीत टिकत नाही.

तिशी-चाळिशीत पैसा असतो, वेळ नसतो. या वयातल्या माणसाने घर ते कार्यालय या रोजच्या वाटेवरचीच जागा घ्यावी. मी राजेंद्रनगरात राहून विजयनगरात मशीन लावले होते. आठवड्यातून तीनदा पूर्ण शहर ओलांडण्यातच त्याचा नफा गेला.

१०. वय ५२ आहे, नोकरी सुटली आहे. एक कंपनी दहा लाखांत पाच मशीन, जागा आणि महिन्याला हमखास उत्पन्न देऊ म्हणते. पैसे गुंतवावेत का?

कृपया गुंतवू नये. हमखास उत्पन्न देणे खरोखर शक्य असते, तर त्या कंपनीने ती मशीन स्वतःच चालवली असती. प्रश्न २ मधील हिशेब समोर ठेवून विक्रेत्याला विचारावे की, किती वस्तू, कोणत्या किमतीला, कोणत्या जागी विकून हे उत्पन्न निघणार आहे. जागामालकाशी झालेला करार पाहायला मागावा, आधीच्या खरेदीदारांना प्रत्यक्ष भेटावे, आणि मशीन परत घेण्याचे आश्वासन असल्यास रक्कम व मुदत यांसह लेखी घ्यावे.

या वयात हाती आलेली एकरकमी रक्कम पुन्हा उभी करायला वेळ कमी असतो. म्हणून त्या रकमेच्या दहाव्या भागापलीकडे पहिल्या वर्षी जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे. एक मशीन सहा महिने स्वतः चालवावे आणि मगच दुसऱ्याचा विचार करावा.

११. बाबा ६४ वर्षांचे आहेत आणि पेन्शन घेतात. त्यांनी हा धंदा सुरू केला तर काय काळजी घ्यावी?

वयोमर्यादा कोणतीही नाही, पण शरीराचा विचार आधी करावा. २५० मिलीच्या २४ बाटल्यांचा खोका सहा किलोंहून जड असतो, चहाच्या मशीनला लागणारे पाण्याचे जार २० लिटरचे असते आणि सर्वांत खालचा खण भरायला उकिडवे बसावे लागते. गुडघे दुखत असतील, तर टेबलावर ठेवायचे चहाचे मशीन घ्यावे, त्याला थेट नळाची जोडणी आणि पाणी शुद्ध करणारे यंत्र लावावे, आणि माल दारात पोचवणारा विक्रेता निवडावा.

करातील एक बदल फार थोड्यांना ठाऊक असतो. ६० वर्षांवरील निवासी व्यक्तीला धंद्याचे उत्पन्न नसेल, तर आगाऊ कर भरावा लागत नाही. धंदा सुरू होताच ही सूट जाते आणि वर्षाचा देय कर १०,००० रुपये किंवा अधिक असेल, तर पेन्शन व व्याजासह एकूण उत्पन्नावर आगाऊ कर भरावा लागतो. लहान धंद्यासाठीच्या अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत उलाढालीच्या ८ टक्के आणि यूपीआयसारख्या डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेच्या ६ टक्के नफा धरता येतो, आणि आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरता येतो. पेन्शनरांचे नेहमीचे 'सहज' नावाचे विवरणपत्र मात्र चालत नाही. सुगम म्हणजे चौथ्या क्रमांकाचे विवरणपत्र भरावे लागते.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतील ठेव मोडून मशीन घेऊ नये. ज्या पैशावर घर चालते तो या धंद्यात आणू नये.

१२. कोणत्या वयात कर्ज मिळते आणि कोणते परवाने लागतात?

कर्जासाठी किमान वय १८ आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. ही गटांची नावे कर्जाच्या रकमेवरून आहेत, कर्जदाराच्या वयावरून नाहीत; ५५ वर्षांच्या काकूंनीही शिशु कर्जासाठी अर्ज करावा. मध्य प्रदेश शासनाच्या मुख्यमंत्री उद्यम क्रांती योजनेला मात्र वयाची वरची मर्यादा आहे, त्यामुळे चाळिशीच्या पुढच्यांनी जिल्हा व्यापार व उद्योग केंद्रात आधी चौकशी करावी. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंद) ऑनलाइन आणि विनामूल्य आहे. तिच्यासाठी मध्यस्थाला पैसे देऊ नयेत.

खाद्यपदार्थ विकणाऱ्या प्रत्येक मशीनसाठी अन्नसुरक्षा कायदा, २००६ प्रमाणे एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेची नोंदणी किंवा परवाना लागतो. अर्ज फॉसकॉस या संकेतस्थळावर करायचा असतो आणि मिळालेला १४ अंकी क्रमांक मशीनवर दिसेल असा लावायचा असतो. गोदाम किंवा कार्यालय घेतले तर १९५८ च्या दुकान व स्थापना कायद्याखालील गुमास्ता नोंदणी करावी.

जीएसटीमध्ये केवळ वस्तू विकणाऱ्याला मध्य प्रदेशात वार्षिक ४० लाखांपर्यंत आणि सेवांना २० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. तयार चहा-कॉफी विकणाऱ्याने २० लाखांची मर्यादा धरून चालणे सुरक्षित. एकाच पॅनवरचे सर्व धंदे एकत्र मोजले जातात, म्हणून ज्यांचे किराणा दुकान आधीच आहे त्यांनी दोन्ही उलाढालींची बेरीज करावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकीटबंद नमकीन, बिस्किटे आणि चॉकलेट यांवरचा दर ५ टक्के आणि गोड शीतपेयांवरचा दर ४० टक्के झाला आहे. खण वाटताना हा फरक लक्षात घ्यावा.

१३. विजेचा खर्च भरून काढण्यासाठी छापील किमतीपेक्षा दोन रुपये जास्त घेता येतील का?

नाही. वैधमापनशास्त्राच्या (वजन-मापांच्या) २०११ च्या पाकीटबंद वस्तू नियमांप्रमाणे छापील कमाल किमतीपेक्षा अधिक घेणे गुन्हा आहे, आणि "थंड करण्याचा आकार" असे नाव दिल्याने तो नियमित होत नाही. नफा वाढवायचा असेल तर अधिक सूट देणारा स्थानिक माल निवडावा. मात्र बाजारातून सुटी शेव आणून घरी पाकिटे भरली, तर तुम्ही स्वतः पॅकर ठरता. त्यासाठी अन्न परवान्यात तसा उल्लेख, पाकिटावर पॅकरचे नाव-पत्ता, वजन, तारीख, किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हे सारे लागते. घरच्या चकल्या आणि शंकरपाळे विकू इच्छिणाऱ्या आजींनाही हेच लागू आहे.

१४. शाळेत मशीन लावता येते का? तंबाखू किंवा औषधे ठेवता येतात का?

शाळेच्या आवारात आणि फाटकापासून सर्व दिशांना ५० मीटरच्या आत अधिक चरबी, साखर किंवा मीठ असलेले पदार्थ विकण्यास एफएसएसएआयच्या २०२० च्या नियमांनी मनाई आहे. चिप्स, चॉकलेट आणि गोड पेये वजा केली की मशीनमध्ये फार थोडे उरते. पाणी, साधे दूध, भाजलेले चणे किंवा सॅनिटरी नॅपकिन यांचे मशीन मात्र लावता येते. शिकवणीवर्ग ही शाळा नसली, तरी तो एखाद्या शाळेच्या फाटकाजवळ असेल तर अंतर मोजून पाहावे. तंबाखूची विक्री मशीनमधून करता येत नाही आणि १८ वर्षांखालील कोणालाही तंबाखू विकता येत नाही. औषधांसाठी औषध व सौंदर्यप्रसाधन कायदा, १९४० खालील परवाना लागतो, म्हणून डोकेदुखीची गोळीसुद्धा ठेवू नये.

१५. ग्राहकाचे पैसे गेले आणि पाकीट अडकले तर?

मशीन घेतानाच वस्तू खाली पडल्याची खात्री करणारा सेन्सर आणि प्रत्येक व्यवहाराला वेगळा क्यूआर कोड दाखवणारा पडदा मागावा. वस्तू पडली नाही तर अशी यंत्रणा पैसे परत पाठवते. काचेवर चिकटवलेल्या कायमच्या क्यूआर कोडवर हे होत नाही. त्याशिवाय मशीनवर चालू फोन क्रमांक लिहावा आणि तक्रार आली की त्याच दिवशी पैसे परत करावेत. वीस रुपयांवरून गेलेला विश्वास त्या इमारतीत पुन्हा मिळत नाही.

१६. उन्हाळा, वीज जाणे आणि स्वच्छता यांबाबत इंदुरात काही वेगळे नियम पाळावे लागतात का?

एप्रिल ते जून चॉकलेट फक्त थंड खणातच ठेवावे, कारण ते तीस अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते आणि येथे पारा चाळिशी ओलांडतो. दुधाची पेये ठेवायची असतील तर जागेला जनरेटर किंवा इन्व्हर्टरचा आधार आहे का ते पाहावे. मशीन काही तास बंद राहिले असेल, तर असा माल वास घेऊन न ठरवता सरळ काढून टाकावा.

१ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे पेले, नळ्या आणि ढवळण्याच्या काड्या यांवर देशभर बंदी आहे, म्हणून कागदी पेला आणि लाकडी काडी वापरावी. कचरा वेगवेगळा देण्याची सवय या शहराने मेहनतीने लावून घेतली आहे. मशीनशेजारी ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे दोन डबे ठेवणे आणि फेरीच्या वेळी ते स्वतः पाहणे हे मालकाचेच काम आहे.

१७. एक मशीन इंदुरात आहे. दुसरे पीथमपुरात लावले तर तेच परवाने चालतात का?

पीथमपूर धार जिल्ह्यात आहे. राज्य तेच असल्याने जीएसटीची नोंदणी तीच राहते, फक्त व्यवसायाचे अतिरिक्त ठिकाण म्हणून ते दाखवावे लागते. अन्न परवाना ठिकाणाशी जोडलेला असतो, म्हणून नव्या जागेची नोंद झाल्याशिवाय तेथे माल भरू नये.

१८. मशीन वडिलांच्या नावावर होते आणि त्यांचे निधन झाले. धंदा लगेच बंद करावा लागतो का?

अन्न परवान्याच्या नियमांत यासाठी सोय आहे : परवानाधारकाच्या निधनानंतर तो परवाना वारसांच्या लाभासाठी ९० दिवस चालू राहतो आणि अधिकारी ही मुदत वाढवू शकतात. या काळात वारसाने स्वतःच्या नावावर बदल करून घ्यावा. जीएसटी नोंदणी असेल तर वारसाने नवी नोंदणी घेऊन जुनी रद्द करण्याचा अर्ज करावा. जागेचा करार वारसांना लागू राहील असे कलम नसेल, तर नवा करार करावा लागतो. वारस १८ वर्षांखालील असेल तर सर्व व्यवहार पालकाच्या नावाने होतील (प्रश्न ५ पाहा).

प्रत्यक्षात घरच्यांचे हाल वेगळ्याच कारणाने होतात. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात मशीनच्या किल्ल्या सापडल्या, पण सेटिंगचा गुप्त क्रमांक कोणालाच ठाऊक नव्हता आणि यूपीआयचे पैसे वडिलांच्या एकट्याच्या खात्यात जात होते. काकूंना तीन आठवडे मशीन उघडून माल काढण्यापलीकडे काहीच करता आले नाही. म्हणून साठीच्या पुढच्या मालकाने धंद्याच्या खात्याला वारसनोंद करावी, आणि मशीनचा गुप्त क्रमांक, पेमेंट सेवेचा लॉगिन, माल देणाऱ्याचा फोन व जागेच्या कराराची प्रत एका पाकिटात घालून ते पाकीट घरातल्या दोन माणसांना दाखवून ठेवावे.